आयसीयूत नेलेलं लेकरू परत येतं का?

(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेलं हे भाषण. वाचणाऱ्या गटांसाठी ते बोललं तसंच छापत आहोत.)



मी दवाखान्यातली सिस्टर. आता निवृत्त झाले, पण नोकरीतली बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात गेली. आज तुमच्याशी बोलायचं ठरवलं ते एका आजीबाईंमुळे.

थंडीचे दिवस होते, ऊसतोडीचा हंगाम. रात्री दहाच्या सुमाराला एक आई आणि तिची सासू आठ महिन्यांची मुलगी घेऊन आल्या. मुलीला खोकला लागून चार दिवस झाले होते. पहिले दोन दिवस मेडिकलमधून आणलेलं खोकल्याचं औषध पाजलं. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका डॉक्टरकडे सलाईन लावलं. चौथ्या दिवशी पोर दूध ओढेना. तेव्हा मुकादमाला विचारून, पैशाची जुळवाजुळव करून, गाडी मिळवून त्या निघाल्या. आमच्याकडे पोचल्या तेव्हा मुलीचे ओठ निळे पडले होते, मान टाकली होती. आम्ही तिला लगेच आयसीयूत घेतलं. जमेल ते सगळं केलं. पहाटे ती गेली.

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बाई, मी म्हणतच होते, त्या मशिनीच्या खोलीत नेऊ नका. तिथं गेलेलं लेकरू माघारी येत नाही."

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. दु:खात असलेल्या माणसाला काय समजावणार? पण शेजारच्याच खाटेवर तोच आजार झालेला एक मुलगा होता. त्याला दुसऱ्याच दिवशी आणलं होतं. तो चार दिवसांनी आईच्या कडेवर बसून घरी गेला. आजींनी तो बघितला नाही. त्या तर सकाळीच गावी परतल्या होत्या. गावात जाऊन त्यांनी जे सांगितलं असेल, ते ऐकून पुढची एखादी आई आणखी एक दिवस थांबली असेल. ही भीती मला छळते. म्हणून त्या आजींना द्यायचं राहिलेलं उत्तर आज तुम्हाला देते.

ही खोली आली कुठून?

आयसीयू म्हणजे अतिदक्षता विभाग. नावातच अर्थ आहे, अति दक्षता. जिथं रुग्णावरची नजर क्षणभरही हलत नाही, ती जागा.

अशा विभागाची सुरुवात लहान मुलांच्याच एका साथीतून झाली. १९५२ साली डेन्मार्क देशात, कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. या आजारात काही मुलांच्या श्वासाचे स्नायूच लुळे पडत. श्वास देणारी यंत्रं मोजकीच होती. सुरुवातीच्या काही आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याशी श्वासनलिकेला छिद्र पाडून घेऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिच्या छातीत हवा भरायला सुरुवात केली. मुलगी जगली.

पण एकेका रुग्णाची पिशवी रात्रंदिवस दाबणार कोण? डॉक्टरकीचे विद्यार्थी पुढे आले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, उशाशी बसून, हातानं पिशव्या दाबल्या. आठवडेच्या आठवडे. मरणाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात कायमचा अतिदक्षता विभाग सुरू केला.

आज विद्यार्थ्यांच्या हातांचं काम यंत्र करतं. त्यालाच आपण व्हेंटिलेटर म्हणतो. "व्हेंटिलेटरवर ठेवलंय" म्हटलं की आपण धसकतो. पण हे यंत्र आजार बरा करत नाही आणि जीवही घेत नाही. दमलेल्या छातीला ते विसावा देतं. तेवढ्या काळात औषधानं आपलं काम करायचं असतं.

आत काय चालतं?

बाहेर बसलेल्या आईला आत काय चाललंय ते दिसत नाही. त्यामुळे भीती वाढते. म्हणून थोडक्यात सांगते.

मूल आत आलं की पहिल्यांदा तीन गोष्टी बघतात. श्वास चाललाय का, रक्त हातापायांपर्यंत पोचतंय का, शुद्ध आहे का. नाव, पत्ता, कागद नंतर. त्याच्या बोटाला किंवा पावलाला एक चिमटा लावतात. त्यातला लाल दिवा रक्तातला प्राणवायू मोजतो. आकडा नव्वदच्या खाली गेला तर ऑक्सिजन लागतो. काही वेळा ऑक्सिजनची नळी पाण्याच्या बाटलीतून जाते आणि बुडबुडे येत राहतात. त्या दाबामुळे बाळाचं फुप्फुस मिटत नाही. बऱ्याच बाळांचं एवढ्यावरच भागतं, व्हेंटिलेटरची वेळ येत नाही.

मग साखर तपासतात, कारण आजारी तान्ह्या बाळाची साखर पटकन उतरते आणि तेवढ्यानंही मूल गळून जातं. अंग गार असेल तर ऊब देणाऱ्या खाटेवर ठेवतात. जंतुसंसर्गाची शंका असेल तर प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन शक्यतो तासाभरात देतात.

"सलाईन लावा ना, सिस्टर"

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. सलाईन म्हणजे ताकद, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. सलाईन म्हणजे मीठपाणी. जुलाबानं मूल सुकलं असेल तर ते अमृत आहे. पण दर आजाराला नाही.

२०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांत एक मोठा अभ्यास झाला. ताप येऊन रक्ताभिसरण मंदावलेली ३१४१ मुलं त्यात होती. जुलाबाची मुलं त्यात घेतली नव्हती. काही मुलांना भराभर सलाईन दिलं, काहींना तसं दिलं नाही. सगळ्यांना वाटत होतं की सलाईनवाली जास्त जगतील. झालं उलटं. पहिल्या दोन दिवसांत सलाईन न दिलेल्यांपैकी शंभरात ७ मुलं दगावली, आणि सलाईन दिलेल्यांपैकी शंभरात १० हून जास्त.

म्हणून डॉक्टर "आत्ता सलाईन नको" म्हणाले किंवा थेंब थेंब मोजून देऊ लागले, तर ते हयगय करताहेत असं समजू नका. आणि खोकला-धाप असलेल्या मुलाला गावात सलाईन लावून एक दिवस घालवू नका.

जगणं-मरणं कुठं ठरतं?

आयसीयूत आलेलं मूल वाचेल की नाही, हे यंत्रांवर अवलंबून असतं तसंच इतर गोष्टींवरही असतं. मूल किती लहान आहे, त्याचं वजन किती आहे, आजार कोणता आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ते कोणत्या अवस्थेत दारात आलं आहे.

उशीर तीन ठिकाणी होतो. पहिला घरात, "बघू उद्या" म्हणण्यात. दुसरा रस्त्यात, गाडी आणि पैसे जमवण्यात. तिसरा दवाखान्यात, इथून तिथं पाठवण्यात. तिसरा उशीर आमच्या बाजूचा आहे, तो मी नाकारत नाही. पण पहिले दोन आपल्या हातातले आहेत.

कोकणातलं उदाहरण घ्या. लाल विंचू चावला की मुलाला दरदरून घाम येतो, उलटी होते, हातपाय गार पडतात आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. पूर्वी अशी कितीतरी मुलं दगावत. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या मुलांच्या उशाशी बसून आजार समजून घेतला. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी यावर लागू पडते, हे त्यांनी दाखवलं. ही गोळी वेळेत दिली तर फुप्फुसात पाणी भरायची वेळच सहसा येत नाही. गोळी स्वस्त आहे, सरकारी केंद्रात देता येते. पण मंत्रतंत्रात रात्र गेली तर तेच मूल पाणी भरलेली छाती घेऊन आयसीयूत येतं.

विंचू तोच, मूल तेच. फरक पडतो तो पहिल्या काही तासांनी.

मुली कमी का येतात?

मैत्रिणींनो, आता थोडं कडू बोलते.

जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी एसएनसीयू नावाचा खास कक्ष असतो. जन्मल्यापासून २८ दिवसांपर्यंतच्या आजारी बाळांना तिथं ठेवतात. उपचार मोफत असतात. देशभरातल्या या कक्षांची नोंद बघितली तर मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा कमीच दिसते. २०१७ या एका वर्षात मुलग्यांपेक्षा सुमारे दीड लाख मुली कमी दाखल झाल्या, असं युनिसेफनं सांगितलं होतं.

नवजात मुलगे निसर्गतःच थोडे नाजूक असतात, हे खरं. पण एवढा फरक तेवढ्यानं पडत नाही. मुलगी आजारी पडली की "होईल बरी", आणि मुलगा आजारी पडला की गाडी. मी हे वॉर्डाच्या दारात बघितलंय. "डॉक्टर, जमेल तेवढं इथंच करा, मोठ्या दवाखान्यात नेणं आम्हाला झेपणार नाही," हे वाक्य मुलीच्या वेळी जास्त वेळा ऐकलंय. ज्या मुली दारापर्यंत आल्याच नाहीत, त्या आमच्या रजिस्टरमध्ये कुठंच नाहीत.

केव्हा निघायचं?

पुढच्या खुणा पाठ करा. यातली एक जरी दिसली तरी थांबायचं नाही.

• मूल अंगावर पीत नाही, पाणीही घेत नाही.
• खाल्लं-प्यालेलं सगळं उलटून पडतं.
• आकडी आली. काही भागात झटके म्हणतात.
• मूल ग्लानीत आहे, हलवलं तरी नीट जागं होत नाही.
• श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. बायका म्हणतात, पोट उडतंय.
• ओठ किंवा जीभ निळी पडली.
• तान्हं बाळ हाताला गार लागतं, किंवा फार तापलंय.

आणि श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटावरचं कापड बाजूला करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दाखवायचं.

हे आपल्याला जमेल का, असं वाटत असेल तर गडचिरोली आठवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या गावांतल्या साध्या, कमी शिकलेल्या माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यात सुईणीही होत्या. त्यांनी तो ओळखला, औषध दिलं, आणि मुलं वाचली. हे काम जगभरातल्या डॉक्टरांनी वाचलं. आज आपली आशाताई बाळंतपणानंतर घरी सहा वेळा येते, त्या पद्धतीचं मूळ त्याच जिल्ह्यात आहे.

वाटेत काय करायचं?

१०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळासाठी १०२ ची गाडीही मोफत मिळते. गाडीला वेळ लागणार असेल तर वाट बघत बसू नका, मिळेल त्या वाहनानं जवळच्या आरोग्य केंद्राकडे निघा. तिथं पहिला उपचार होतो आणि पुढची गाडी मिळते.

बाळ तान्हं असेल तर आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून गोधडी गुंडाळून न्या. यापेक्षा चांगली ऊब नाही. शुद्धीत असेल आणि ओढत असेल तर वाटेत पाजत राहा. जुलाब असतील तर ओआरएस चमच्याचमच्यानं द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. आकडी आली तर कुशीवर वळवा, अंगावरचं सैल करा. कांदा, चप्पल हुंगवू नका, दातात चमचा घालू नका.

पोटावर डाग देऊ नका, बिब्बा घालू नका. रॉकेल किंवा फवारणीचं औषध प्यायलं असेल तर उलटी करवू नका. बाटली सोबत न्या. साप चावला तर चिरू नका, घट्ट बांधू नका.

सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, दिलेल्या औषधांची पाकिटं आणि आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी घ्या. रेशनकार्ड आणि आधार लागतं, पण ते सापडत नाही म्हणून थांबू नका. ते मागून आणता येतं.

दवाखान्यात गेल्यावर

सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत. मोठ्या मुलांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, ठरवून दिलेल्या खासगी दवाखान्यांतही. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. दागिना गहाण ठेवण्याआधी त्याला गाठा.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका. "आजार काय आहे? आज कालच्यापेक्षा कसं आहे? पुढचे दोन दिवस कशाची भीती आहे?" हे तीन प्रश्न रोज विचारा. सासऱ्यांना किंवा नवऱ्यालाच सगळं सांगितलं जातं, आई कोपऱ्यात उभी असते. तिला पुढे करा.

आईचं काम दाराबाहेर संपत नाही. आत असलेल्या बाळासाठी दूध काढून द्यायचं असतं. कमी वजनाच्या बाळाला छातीशी धरून ठेवायचं असतं, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. पूर्वी बाळ सावरल्यावर हे सुरू करत. २०२१ साली भारतासह पाच देशांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची बाळं जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी ठेवली, तर मरणाचं प्रमाण पावपटीनं कमी झालं. उपचार चालूच होते, फक्त आई जवळ होती. म्हणून विचारा, "मला बाळाजवळ केव्हा बसता येईल?"

आणि घरी आलं म्हणजे संपलं नाही. आयसीयूतून आलेलं मूल पुढचे काही महिने नाजूक असतं. दिलेल्या तारखेला दाखवायला न्या. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. राहिलेली लस टोचून घ्या. वजन फारच कमी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात, तिथंही जा. धोक्याची खूण पुन्हा दिसली तर पुन्हा निघा. "आत्ताच तर आणलं" म्हणू नका.

गटानं काय ठरवावं?

प्रत्येक आजारी मूल वाचतंच, असं मी सांगणार नाही. वेळेत येऊनही काही मुलं जातात. आम्ही हात जोडून उभ्या राहतो. पण वेळेत आलेल्या मुलांपैकी घरी जाणारी मुलं मी फार बघितली आहेत, आणि त्यांची गोष्ट गावात कुणी सांगत नाही.

पुढच्या बैठकीत चार गोष्टी ठरवा. एक, गटाच्या पैशातून थोडी रक्कम बाजूला ठेवायची, आजारी लेकरासाठी रात्री-अपरात्री सही न घेता द्यायची. दोन, गावातल्या दोन गाडीवाल्यांचे आणि आशाताईचे नंबर प्रत्येकीच्या चुलीजवळच्या भिंतीवर लिहायचे. तीन, श्वास मोजायला सगळ्यांनी शिकायचं, सासवांनी आधी. चार, धोक्याची खूण दिसली की आईनं कुणाची परवानगी न मागता निघायचं, आणि गटातली एक बाई तिच्यासोबत जायची. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी कारखान्याजवळचं आरोग्य केंद्र कोणतं, हे कोपी उभी करायच्या दिवशीच विचारून ठेवायचं.

त्या आजी आज भेटल्या तर मी त्यांना म्हणेन, "आजी, नात तुमच्या चुकीनं गेली नाही. खुणा कुणी सांगितल्या नाहीत, गाडी मिळाली नाही, पैसे नव्हते. पण ती खोली वाईट नाही. पुढच्या लेकराला पहिल्याच रात्री घेऊन या. मी दार उघडते."